एकमेकांशी नातं नसलेल्या टेबलांमधून एक रिपोर्ट कसा काढायचा: दूध संस्थेच्या आकड्यांवरून

दूध संस्थेच्या संगणकात तीन-चार टेबलं असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. संकलनाच्या टेबलात रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उत्पादकाची एक ओळ पडते: तारीख, सत्र, उत्पादक क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. टँकरच्या टेबलात दिवसाला एखादी ओळ असते: तारीख, गाडी क्रमांक, किलो, फॅट, एसएनएफ. खर्चाच्या टेबलात तारीख, तपशील आणि रक्कम एवढंच. टँकरच्या नोंदीत उत्पादक क्रमांक नाही, खर्चाच्या नोंदीत गाडी क्रमांक नाही. आणि सचिवांना हवं असतं एकाच पानावर: रोज दूध किती आलं, किती गेलं आणि खर्च किती झाला.

डेटाबेस नुकताच शिकणाऱ्याची पहिली गाठ अशाच रिपोर्टशी पडते. पुस्तकात जॉइन, म्हणजे दोन टेबलांच्या ओळी समाईक कॉलमवरून जोडणं, शिकवताना ग्राहक आणि त्याची बिलं अशी आधीच जुळलेली जोडी दाखवतात. प्रत्यक्ष ऑफिसात जुळवणारा कॉलमच नसतो. म्हणून इथे दूध संस्थेचं उदाहरण धरून सगळ्या पायऱ्या सांगतो. किराणा दुकानाची विक्री, खरेदी आणि पगार असो किंवा सोसायटीचा मेन्टेनन्स, पाण्याचे टँकर आणि दुरुस्ती असो, पद्धत हीच राहते.

क्वेरीतले, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतले, शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच करायचे. टेबलांची आणि कॉलमांची नावंही इंग्रजी अक्षरांतच ठेवा. बहुतेक डेटाबेस देवनागरी नावं घेतात, पण पुढे रिपोर्टचं सॉफ्टवेअर किंवा एक्सपोर्ट कुठेतरी अडतं.

पायरी 1: एक ओळ म्हणजे काय, हे कागदावर लिहा

संगणकाला हात लावण्याआधी रिपोर्टचा रिकामा तक्ता पेनाने काढा. वर कॉलमांची नावं आणि खाली एक नमुन्याची ओळ. मग त्या ओळीबद्दल एक वाक्य लिहा: "एक ओळ म्हणजे एक दिवस." किंवा "एक ओळ म्हणजे एका उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल." हे वाक्य लिहिता आलं नाही, तर क्वेरीही लिहिता येणार नाही.

आता तेच वाक्य प्रत्येक टेबलासाठी लिहा. संकलनात एक ओळ म्हणजे एका उत्पादकाचं एका सत्राचं दूध. टँकरमध्ये एक ओळ म्हणजे गाडीची एक फेरी. खर्चात एक ओळ म्हणजे एक व्हाउचर. तिन्ही ओळींचा आवाका वेगळा आहे, आणि रिपोर्टला हवी असलेली "एक दिवस" ही ओळ यांपैकी एकाही टेबलात नाही. ती आपल्याला तयार करायची आहे.

पायरी 2: थेट जॉइन का करायचा नाही

तिन्ही टेबलांत तारीख आहे, मग तारखेवर जॉइन करावा असं वाटणं अगदी साहजिक आहे. त्याने काय होतं ते लहान आकड्यांवर बघू.

एका दिवशी संकलनाच्या तीन ओळी आहेत: 12, 8 आणि 10 लिटर. एकूण 30 लिटर.
त्याच दिवशी खर्चाच्या दोन ओळी आहेत: 400 आणि 150 रुपये. एकूण 550 रुपये.

तारखेवर जॉइन केला की डेटाबेस संकलनाची प्रत्येक ओळ खर्चाच्या प्रत्येक ओळीशी जोडतो. तीन गुणिले दोन, सहा ओळी तयार होतात. दुधाची प्रत्येक ओळ दोनदा येते, म्हणून बेरीज 60 लिटर. खर्चाची प्रत्येक ओळ तीनदा येते, म्हणून बेरीज 1,650 रुपये. क्वेरी कुठलीही तक्रार न करता चालते, रिपोर्ट सुबक छापला जातो आणि आकडे चुकलेले असतात.

यातलं सगळ्यात घातक म्हणजे चूक रोज सारख्या पटीत होत नाही. ज्या दिवशी एकच व्हाउचर आहे त्या दिवशी दुधाचा आकडा बरोबर येतो, पाच व्हाउचर असतील त्या दिवशी तो पाचपट होतो. ज्या दिवशी खर्चच नाही तो दिवस साध्या जॉइनमध्ये रिपोर्टमधून गायब होतो. चाचणीसाठी नेमका एका व्हाउचरचा दिवस निवडला गेला, तर दुधाची बेरीज जुळते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

डेटा वेअरहाउसच्या कामात या सापळ्याला कॅझम ट्रॅप म्हणतात: अनेक ओळींची दोन टेबलं एकाच समाईक गोष्टीवर येऊन भिडतात आणि एकमेकांच्या ओळी फुगवतात.

यावर एक उपाय सर्रास सुचवला जातो, तो म्हणजे बेरजेत डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणारा शब्द) घालणं. तो करू नका. दोन उत्पादकांनी प्रत्येकी 8 लिटर दूध घातलं असेल, तर डिस्टिंक्ट त्यातले एकाचे 8 लिटर बेरजेतून काढून टाकतो. फुगलेला आकडा गेला आणि आटलेला आला, एवढाच फरक.

पायरी 3: दिवस कोणता, हे ठरवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ती चुकली तर पुढची क्वेरी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

तारीख हा वरवर समाईक कॉलम आहे, पण तिन्ही टेबलांत तिचा अर्थ एकच आहे का? ज्या संस्थेत बल्क कूलर आहे, तिथे संध्याकाळचं दूध रात्रभर टाकीत थंड राहतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधाबरोबर टँकरमध्ये जातं. म्हणजे 13 तारखेच्या टँकरमध्ये 12 तारखेच्या संध्याकाळचं आणि 13 तारखेच्या सकाळचं दूध असतं. संकलनाची 13 तारीख आणि टँकरची 13 तारीख समोरासमोर ठेवली, तर रोज थोडी तफावत दिसत राहते आणि संस्थेतली माणसं विनाकारण एकमेकांकडे संशयाने बघू लागतात.

म्हणून संकलनासाठी आणखी एक तारीख काढा. तिला आपण दूधदिवस म्हणू. नियम असा: सत्र सकाळ असेल तर तीच तारीख, संध्याकाळ असेल तर तारीख अधिक एक दिवस. क्वेरीत हे केस व्हेन (अट बघून किंमत ठरवणारी रचना) वापरून लिहिता येतं. तारखेत एक दिवस मिळवण्याची पद्धत प्रत्येक डेटाबेसची वेगळी आहे, आपल्या डेटाबेसची बघून घ्या.

दूधदिवस फक्त टँकरशी ताळा करण्यासाठी आहे. उत्पादकाचं बिल मूळ तारखेवरच निघतं. अनेक संस्थांमध्ये बिल 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर असं दहा दहा दिवसांचं असतं. 10 तारखेच्या संध्याकाळचं दूध पहिल्याच बिलात जायला हवं, ते दुसऱ्या दिवशी टँकरमध्ये गेलं म्हणून दुसऱ्या बिलात ढकलता येत नाही. 31 मार्चच्या संध्याकाळचं दूध तर आर्थिक वर्षाच्या शेवटी टाकीतली अखेरची शिल्लक असते. दोन्ही तारखा वेगळ्या नावाने जवळ ठेवा आणि कुठल्या रिपोर्टला कोणती वापरली, ते रिपोर्टच्या पानावरच छापा.

तारखेबद्दल तांत्रिक गोष्टही इथेच सांगतो. कॉलममध्ये तारखेबरोबर वेळ साठवली असेल, तर बिट्वीन वापरून 1 ते 10 तारीख मागितल्यावर 10 तारखेच्या मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी गळतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसच जातो. त्याऐवजी "1 तारखेपासून पुढे आणि 11 तारखेच्या आत" अशी अट लिहा. तारीख मजकूर म्हणून साठवलेली असेल, तर आधी ती खऱ्या तारखेत बदलून घ्या.

पायरी 4: मापं एकसारखी करा

संकलन लिटरमध्ये मोजलं आणि टँकर काट्यावर किलोमध्ये, असं बऱ्याच ठिकाणी असतं. दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते, साधारणपणे एका लिटरला 1.03 किलो धरतात. समजा दिवसाला 1,240 लिटर दूध जमा झालं आणि टँकरचं वजन 1,270 किलो भरलं. मापं न बदलता वजाबाकी केली, तर दूध 30 ने वाढलेलं दिसतं. लिटरचे किलो केले तर 1,240 गुणिले 1.03 म्हणजे 1,277.2 किलो, आणि खरं चित्र 7.2 किलो घटीचं आहे. एका गुणाकाराने वाढीची घट होते, त्यामुळे हा गुणांक संस्थेने आणि दूध संघाने ठरवलेलाच वापरा आणि सगळीकडे एकच वापरा.

फॅटचंही तसंच. दिवसाचा फॅट काढताना सगळ्या ओळींची साधी सरासरी घेऊ नका. 10 लिटर 3.2 फॅटचं आणि 90 लिटर 4.0 फॅटचं असेल, तर साधी सरासरी 3.6 येते. लिटरच्या प्रमाणात काढली, तर 32 अधिक 360, भागिले 100, म्हणजे 3.92. टाकीतल्या मिसळलेल्या दुधाचा नमुना घेतला तर तो 3.92 च्या जवळ जाईल, 3.6 च्या नाही. क्वेरीत लिटर गुणिले फॅटची बेरीज आणि लिटरची बेरीज असे दोन कॉलम पुढे न्या आणि भागाकार अगदी शेवटी करा. रोजच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढून महिन्याचा फॅट दाखवणं ही याच चुकीची पुढची पायरी आहे.

पायरी 5: दिनदर्शिकेचं टेबल बनवा

आता तिन्ही टेबलं कशाला जोडायची? एकमेकांना नाहीच. एक चौथं, छोटं टेबल बनवा, त्यात प्रत्येक तारखेची एक ओळ. दहा वर्षांच्या तारखा घातल्या, तरी ओळी चार हजारांच्या आत राहतात. सोबत महिना, आर्थिक वर्ष आणि बिलाचा दहा दिवसांचा टप्पा असे कॉलम ठेवा. हे टेबल कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये तारखा खाली ओढून बनवता येतं आणि डेटाबेसमध्ये आयात करता येतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जनरेट सीरिज हे फंक्शन तारखांची रांग लगेच देतं.

दूध, टँकर, खर्च ही मोती असतील तर दिनदर्शिका हा दोरा. एखाद्या टेबलात त्या दिवसाची नोंद नसली, तरी दिवस रिपोर्टमध्ये राहतो. मला हे टेबल इतकं गरजेचं वाटतं की नवा डेटाबेस उभा करताना पहिल्याच दिवशी ते बनवावं.

पायरी 6: आधी बेरीज, मग जोडणी

प्रत्येक टेबलाची स्वतंत्र बेरीज करून ते "एक ओळ म्हणजे एक दिवस" या रूपात आणा. मग प्रत्येक बेरीज दिनदर्शिकेला लेफ्ट जॉइनने (पहिल्या टेबलाच्या सगळ्या ओळी राखणाऱ्या जॉइनने) जोडा. खालच्या क्वेरीत दूधदिवस हा कॉलम पायरी 3 प्रमाणे आधीच काढून ठेवला आहे असं धरलं आहे. व्हाउचर हे खर्चाच्या टेबलाचं नाव आणि क हे दिनदर्शिकेचं छोटं नाव.

विथ दूध अ‍ॅज (
  सिलेक्ट दूधदिवस, सम(लिटर) अ‍ॅज लिटर
  फ्रॉम संकलन
  ग्रुप बाय दूधदिवस
),
गाडी अ‍ॅज (
  सिलेक्ट तारीख, सम(किलो) अ‍ॅज किलो
  फ्रॉम टँकर
  ग्रुप बाय तारीख
),
रोजखर्च अ‍ॅज (
  सिलेक्ट तारीख, सम(रक्कम) अ‍ॅज खर्च
  फ्रॉम व्हाउचर
  ग्रुप बाय तारीख
)
सिलेक्ट क.तारीख, दूध.लिटर, दूध.लिटर * 1.03 अ‍ॅज आलेले_किलो, गाडी.किलो अ‍ॅज गेलेले_किलो, कोअलेस(रोजखर्च.खर्च, 0) अ‍ॅज खर्च
फ्रॉम दिनदर्शिका क
लेफ्ट जॉइन दूध ऑन दूध.दूधदिवस = क.तारीख
लेफ्ट जॉइन गाडी ऑन गाडी.तारीख = क.तारीख
लेफ्ट जॉइन रोजखर्च ऑन रोजखर्च.तारीख = क.तारीख
व्हेअर क.तारीख >= '2025-04-01' अँड क.तारीख < '2025-04-11'
ऑर्डर बाय क.तारीख

प्रत्येक बाजूला एका दिवसाची एकच ओळ असल्यामुळे आता काहीच फुगू शकत नाही. एक गुणिले एक गुणिले एक म्हणजे एकच.

यात दोन ठिकाणी थांबा. पहिलं, तारखेची अट दिनदर्शिकेवर लावली आहे. तीच अट शेवटच्या व्हेअरमध्ये गाडीच्या तारखेवर लावली, तर ज्या दिवशी टँकर आला नाही तो दिवस गळतो आणि लेफ्ट जॉइन साध्या जॉइनसारखा वागतो. एखाद्या टेबलावर खास अट हवी असेल, समजा फक्त डिझेलचा खर्च, तर ती त्या टेबलाच्या आतल्या बेरजेत लिहा.

दुसरं, कोअलेस (किंमत नसेल तिथे आपण दिलेली किंमत घालणारं फंक्शन) मी फक्त खर्चाला लावला आहे. खर्चाची नोंद नाही म्हणजे खर्च शून्य, हे खरं धरता येतं. टँकरची नोंद नाही याचे मात्र दोन अर्थ निघतात: गाडी आलीच नाही, किंवा आली पण नोंद राहिली. तिथे शून्य छापलं तर दुसरी शक्यता झाकली जाते. कॉलम मोकळा ठेवा, म्हणजे बघणारा विचारेल. फॅटच्या जागी तर शून्य कधीच घालू नका, त्याने पुढची प्रत्येक सरासरी बिघडते.

विथ ही सोय जुन्या आवृत्त्यांमध्ये नसते, मायएसक्यूएलमध्ये ती 8.0 पासून आली. ती नसेल तर प्रत्येक बेरजेचा एक व्ह्यू (डेटाबेसमध्ये नावाने जतन केलेली क्वेरी) बनवा आणि ते व्ह्यू जोडा. अ‍ॅक्सेसमध्ये तीन वेगळ्या क्वेरी जतन करून चौथ्या क्वेरीत त्या जोडायच्या.

बेरीज नको, नोंदी एकाखाली एक हव्या असतील तर

कधी कधी रोजचा सारांश नको असतो, रोजकीर्दीसारखी यादी हवी असते: तारखेप्रमाणे दूध, टँकर, खर्च सगळं एकाखाली एक. तिथे जॉइनचं काम नाही, युनियन ऑल वापरा. प्रत्येक टेबलातून तारीख, प्रकार, तपशील, मात्रा, रक्कम असे पाच कॉलम त्याच क्रमाने निवडा. ज्या टेबलात एखादी गोष्ट नाही, तिथे नल (म्हणजे किंमत नाही) लिहा. प्रकार या कॉलममध्ये 'संकलन', 'टँकर', 'खर्च' असा शब्द स्वतः घाला, नाहीतर एकत्र झाल्यावर ओळ कुठून आली ते कळणार नाही.

ऑल हा शब्द विसरू नका. नुसतं युनियन लिहिलं तर तंतोतंत सारख्या ओळींपैकी एकच उरते. एकाच दिवशी 150 रुपयांची दोन चहापाण्याची व्हाउचरं असली, तर एक गेलंच म्हणून समजा.

याच यादीवर पुढे तारखेने ग्रुप करून, प्रकार पाहून वेगवेगळ्या कॉलमात बेरीज केली, तर पायरी 6 चाच सारांश तयार होतो. मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन (दोन्ही टेबलांच्या सगळ्या ओळी राखणारा जॉइन) नाही, तिथे हा मार्ग फार कामाचा आहे. फक्त ज्या दिवशी कुठेच नोंद नाही तो दिवस यात दिसत नाही, त्यासाठी दिनदर्शिका लागतेच.

रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच कसं करायचं

क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये टेबलं नुसती टाकून जोडली नाहीत, तर सगळ्या ओळींचा सगळ्यांशी गुणाकार होतो. तयार क्वेरी कमांड म्हणून द्या, हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. सबरिपोर्टही (रिपोर्टच्या आत ठेवलेला दुसरा रिपोर्ट) चालतो, पण तो डिटेल्स भागात ठेवला तर प्रत्येक ओळीसाठी एकदा डेटाबेसकडे जातो आणि रिपोर्ट रखडतो. तो ग्रुपच्या किंवा रिपोर्टच्या फूटरमध्ये ठेवा. पॉवर बीआयमध्ये दिनदर्शिकेपासून प्रत्येक टेबलाकडे एकास-अनेक असं नातं बनवा आणि संकलन व खर्च एकमेकांना थेट जोडू नका. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत अपेंड म्हणजे युनियन ऑल आणि मर्ज म्हणजे जॉइन. मर्जच्या आधी ग्रुप बाय करून घ्या.

नावावर जोडणी करायची वेळ आली तर

काही वेळा एका टेबलात उत्पादक क्रमांक असतो आणि दुसऱ्यात, समजा पशुखाद्याच्या उधारीत, नुसतं नाव लिहिलेलं असतं. तारखेवर भागत नाही, माणूसच जुळवावा लागतो. मराठी नावांत हे फार अवघड जातं. पाटील आणि पाटिल डेटाबेसला दोन वेगळी माणसं वाटतात. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्दही आतून वेगळे असू शकतात, कारण काही कीबोर्ड अक्षरांच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हं घालतात. देवनागरी अंक मजकूर म्हणून टाइप केले असतील, तर ते बऱ्याचदा इंग्रजी अंकांशी जुळत नाहीत. '007' आणि '7' दोन्ही मजकूर म्हणून साठवले असतील, तर तेही जुळत नाहीत.

इथे क्वेरीत चलाखी करण्यापेक्षा एक जुळवणीचं टेबल बनवा: एका कॉलममध्ये उधारीत आलेलं नाव जसंच्या तसं, दुसऱ्यात उत्पादक क्रमांक. ते हाताने भरा, आणि गावातल्या माणसांना ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याला शेजारी बसवून भरा. एकाच नावाची दोन माणसं असतील तर ती त्यालाच माहीत असतात. पैसे कोणाच्या बिलातून कापले जाणार, हे यावर ठरतं, त्यामुळे इथे अंदाज चालत नाही. पुढच्या नोंदींसाठी उधारीच्या पडद्यावर उत्पादक क्रमांक सक्तीचा करा.

ताळा

रिपोर्ट कोणाला देण्याआधी प्रत्येक टेबलाची एकट्याची बेरीज काढा, जॉइन न करता, त्याच दिवसांसाठी. तीन छोट्या क्वेरी, तीन आकडे. दुधाची बेरीज मात्र मूळ तारखेने न काढता दूधदिवसाने काढा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या संध्याकाळचा फरक येईल. हे आकडे रिपोर्टच्या तळाच्या बेरजेशी पैशापर्यंत आणि दशांशापर्यंत जुळायला हवेत. मग ओळी मोजा: 1 ते 10 एप्रिल म्हणजे दहाच ओळी, नऊही नाहीत आणि अकराही नाहीत.

त्यानंतर तीन दिवस मुद्दाम निवडून तपासा: ज्या दिवशी सर्वांत जास्त व्हाउचर आहेत तो, ज्या दिवशी टँकर आला नाही तो, आणि टप्प्याचा शेवटचा दिवस. फुगणं, गळणं आणि तारखेच्या काठावरची चूक या तीन दिवसांत पकडली जाते. त्या दिवसांच्या मूळ पावत्या आणि व्हाउचर हातात घेऊन आकडे मिळवा. एकट्या टेबलांच्या बेरजा काढणाऱ्या तीन क्वेरी रिपोर्टच्या शेजारीच जतन करून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात कोणी नवा कॉलम मागितला की त्या पुन्हा चालवाव्या लागतील.